मिशमिशाचे झटके

१२ जानेवारी
मिशमिशा मेली असं वाटलं. मेली नाही.

मांजर खिडकीत उन्हाला झोपली होती. मी मशीनवर बाही जोडत होते. धप्प! खाली पडली. चारही पाय ताठ, जबडा कटकट वाजतोय, तोंडाला फेस. लादीवर मुतली. मी ओरडले, "वजदी!" घरात नसलेल्या भावाला हाक मारली. मग ती उठली, भिंतीला धडकत चालली — डोळेच गेल्यासारखी. आणि थोड्या वेळाने मासे असे खाल्ले की जन्माची उपाशी!

आई बंदरावर गेली होती. बरं झालं.

१३ जानेवारी
आईला सांगणार नाही.

१९ जानेवारी
पुन्हा.

का सांगत नाही ते लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच वेडेपणा वाटेल. वजदी ऑक्टोबरात होडीने इटलीला निघाला. त्या होडीतल्या कुणाचाच फोन आला नाही. मांजर त्याची. जाताना आईला म्हणाला होता, "हिला सांभाळ, यम्मा." तेव्हापासून आईचं एकच — मिशमिशा ठणठणीत आहे ना, मग तोही असणार. सकाळी उठली की आधी तिच्या पोटावर हात ठेवते, मग तोंड धुते. रोज बंदरावर जाऊन बसते. आमच्या मेहदिया गावात आता तिला कुणी काही विचारतही नाही.

२ फेब्रुवारी
टोपलीत घालून डॉक्टर हन्नाशीबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळं ठीक!

"मग पडते का?"

"कळत नाही."

खोटं तरी बोलल्या नाहीत. मेंदूचा फोटो काढायचं यंत्र इथे नाही, आणि काढला तरी त्यात काही दिसेलच असं नाही, म्हणाल्या. गोळ्या दिल्या. झटका आला की तोंडाजवळ हात नेऊ नका, अंधार करा, वाट बघा.

वाट बघा! ते आमच्या घराला कुणी शिकवायला नको.

९ फेब्रुवारी
शेजारच्या मबरूकामावशीने पाहिलं. मीठ मागायला आली ती नेमकी तेव्हाच.

"जिन लागलाय गं हिला! ऊद जाळ!"

"हळू बोल, मावशी."

"अगं, आमच्या ह्यांनाही असंच व्हायचं. पगाराच्या दिवशी, मी हात पुढे केला की!"

हसू फुटलं. दोघी हसत सुटलो, आणि मध्ये मांजर थरथरत पडलेली. मग मबरूकाने माझा हात धरला. "तुझ्या आईला, जनातला, कळू देऊ नकोस, पोरी. बाई कोसळेल."

"भीती तुझ्याच तोंडाची आहे."

"जीभ झडली तरी नाही."

२१ फेब्रुवारी
आज पोलीस चौकीतला माणूस आला होता. दक्षिणेच्या किनाऱ्यावर काही जण सापडलेत. चेहरे ओळखू येत नाहीत. आईचं रक्त मिळालं तर जुळवून बघता येईल.

आईने त्याला कॉफी दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते रक्त मेलेल्यांसाठी. माझा मुलगा जिवंत आहे. घ्या, कॉफी गार होतेय."

जिन्यात तो मला हळूच म्हणाला, "बहिणीचंही चालेल." मीही नाही म्हटलं! आईला वेडी म्हणायचा मला काय हक्क?

६ मार्च
मिशमिशा गोळ्यांनी झिंगते. पायात पाय अडकतो. आई म्हणते, "हवा बदलतेय, दुसरं काय."

१७ मार्च
आईच्या मांडीवरच आला झटका. मी किंचाळले, "तोंडाजवळ हात नको!" पण आईने तिला सोडलंच नाही. अंगठ्यात दात रुतले. ती शुद्धीवर आली तेव्हा आईच्या मनगटावरून रक्त ओघळत होतं — आणि आई हसत होती.

"पाहिलंस, सिहाम? गेली होती. परत आली!"

संध्याकाळभर दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच. गेलेलं परत येतं. मला ओरडावंसं वाटलं — यम्मा, हा आजार आहे! नाही ओरडले. अंगठ्याला पट्टी बांधली.

२९ मार्च
दोनदा. आता आईसमोर लपवायचं काही उरलं नाही. आई अंधार करते, मी वाट बघते.

४ एप्रिल
मिशमिशा गेली.

सकाळी एक झटका थांबायच्या आत दुसरा. टोपली घेऊन पळत सुटले. हन्नाशीबाईंच्या दारातच अंग सैल पडलं. बाईंनी तपासलं आणि नुसती मान हलवली.

घराकडे पाय उचलेना. वाटलं, आज आईही जाणार. तिने फडकं बाजूला केलं. पाहिलं. मिशमिशाचे डोळे हाताने मिटले. आणि म्हणाली, "मांजरच होती ती, सिहाम."

बस. एवढंच! मबरूकाच्या अंगणात डाळिंबाखाली खड्डा तिनेच खणला. रात्री जेवलीसुद्धा. मला राग आला तिचा — एवढे महिने त्या जिवाला टांगून ठेवलं आपण सगळं, आणि आता नुसती मांजर?

७ एप्रिल
न सांगता सरकारी दवाखान्यात गेले. बाही वर केली. भावाचं नाव सांगितलं. नर्सने वर पाहिलं. "जनातबाईंची मुलगी ना? अहो, त्यांनी दिलंय की रक्त. फेब्रुवारीतच. दर आठवड्याला यायच्या विचारायला. गेल्या महिनाअखेरीस तर जुळल्याचं उत्तरही —" आणि माझ्याकडे बघून तिने वही मिटली. "घरी बोलल्या नाहीत?"

परत आले. आईने विचारलं, "कुठे गेली होतीस?"

म्हटलं, बाजारात.