लेक साडेतीन तासांवर

शेवचेंको, ४ एप्रिल १९७६

ती. अपा व आके यांस, राउशानचा सा. न. वि. वि.

अपा, तुझा नातू दोसान उभा राहिला! भिंत धरून, गाल फुगवून, पैलवानासारखा! महिन्याभरात पाऊल टाकेल. लग्नानंतर दहा वर्षांनी झालेलं पोर. चालू लागताना त्याच्या पायांत बांधायचा काळा-पांढरा गोफ तूच कापायचा. शेजारच्या झामालवहिनी सुरी परजून बसल्यात. म्हणतात, मी चपळ, मी कापला तर पोरही तसंच निघेल. चहा पाजून पाजून त्यांना थोपवलंय.

आगगाडीचे तीन दिवस तुझ्या कमरेला झेपायचे नाहीत, म्हणून तर तू कधी आली नाहीस. विमानानं दोन हजार किलोमीटर साडेतीन तासांत! आके रागावतील. रागावू देत. दोघंही या.

तुमच्या मायेला हावरी लेक,
राउशान

अल्मा-अता, १५ एप्रिल

चि. राउशान हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून आके तडक रेसकोर्सवर त्यांच्या घोड्यांकडे गेले. परत येऊन म्हणाले, ज्याला लगाम नाही त्यावर मी बसत नाही, तूही बसायचं नाहीस. मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठं लगाम होता? तरी मी नांदलेच ना! झालं, अबोला. मग मी एकटीच जाऊन पंचवीस तारखेचं तिकीट काढून आले. भीती वाटते गं, पण आनंदाच्या उकळ्या त्याहून मोठ्या. सफरचंदं बांधलीत. मी येईपर्यंत पोराला तेवढं आवर!

जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला पापे.
तुझी अपा

शेवचेंको, २७ एप्रिल

राउशानच्या वडिलांस, कुल्याशचा नमस्कार.

पोचले हो, पोचले! विमान उडालं तेव्हा शेजारच्या बाईचा हात असा आवळला की ती ओरडली. मग चहा आला, एक डुलकी झाली, आणि उतरायची वेळ! पण इथं वारा भयंकर. विमान गुर्येव शहराकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच. मला रडू आवरेना, वाटलं, पोर माझ्याविना चालणार.

इथं येऊन बघते तर राउशान त्याला खांद्यावर घेऊन उभी. आदल्या दिवसापासून त्याचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता! जावई आणि ती आळीपाळीनं वाहत होते, पोर ओरडून लाल. घरी पोचताच गोफ बांधला, मी कापला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डुलत डुलत आला आणि माझ्या मांडीवर कोसळला.

इथली घड्याळं आपल्या मागं चालतात, म्हणजे मी तुमच्याहून तासाभरानं तरुण झालेय. पण एक सांगते. लेक जगाच्या टोकाला दिली म्हणून आपण अकरा वर्षं रडलो. ती एका डुलकीच्या अंतरावर होती हो. या ना.

वाट पाहणारी,
कुल्याश

अल्मा-अता, ६ मे

राउशानच्या आईस आशीर्वाद.

घोडे मदतनीस बेइसेनकडे सोपवले. बारा तारखेचं तिकीट काढलं. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, घरात काही दुःखद आहे का, चेहरा असा का? म्हटलं, नातू चालायला लागलाय. तिनं ते सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं. अनोळखी माणसं हात मिळवायला लागली.

दोसानला विमानतळावर आण. मी दिसलो की त्याला खाली उभं कर आणि हात सोड. तो चालत माझ्याकडे येऊ दे.

तुझा,
तोक्तार