दिवसाढवळ्या दिवा

४ फेब्रुवारी १९७९, कोरेगाव
आमची लेक सुमन काल सांगलीहून आली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी सरांचा छोटा काँप्युटर उसना आणलाय. वहीएवढी हिरवी पट्टी, वर बटणं नि लाल आकडे. त्याला बरोबर पाच व्होल्ट लागतात, जास्त झाले की जळतो म्हणे. त्यासाठी नवं काही विकत आणायचं नाही, हे मी आधीच सांगितलं. ह्यांच्याकडे लष्करी भंगारातला वायरलेसचा पॉवर सप्लाय पडून होता, तोच उघडून बसलेत. फौजेच्या सिग्नलमधून रिटायर झाल्यापासून इतके खूश पाहिले नव्हते. संध्याकाळच्या आरतीलासुद्धा दोनदा हाक मारावी लागली.

६ फेब्रु.
चाललं! देवापुढं साखर ठेवली. सुमननं माझ्या महिन्याच्या खर्चाची बेरीज त्यात घातली, बरोबर आली. (मी आधीच केली होती.)
सप्लायला मोटारीचा एक बल्ब जोडलाय, सारखा जळतो. कशाला विचारलं तर म्हणे, "भार नसला की ह्याचं व्होल्ट उसळतं गं. बल्ब असला की गप ऱ्हातो." बरं म्हटलं.

८ फेब्रु.
काय लिहू. दुपारी बापलेक बाजारात गेली, मशीन चालूच. लख्ख उजेडात बल्ब फुकट जळतोय. हात गेलाच माझा. काढला. आकडे एकदम झगमगले नि विझले.
ह्यांनी येऊन मीटर लावला. "आठ व्होल्टावर गेलाय. सांगितलं न्हवतं व्हय तुला?"
सांगितलं होतं. पण ते भार, उसळणं... आपल्याला समजावायचं म्हणून काहीतरी सांगतात, असं वाटलं.
सुमन, "आई, काटकसर करायला हाच दिवा सापडला?" जेवली नाही. मीही नाही.

१० फेब्रु.
सुमनबरोबर सांगलीला मीच गेले. सरांना सांगितलं, बल्ब मी काढला, पोरीचा दोष नाही. त्यांनी पट्टी तपासली. एकच आयसी, बोटाएवढी काळी चिप, जळलीय, बाकी शाबूत. देवच पावला! तशी दुसरी त्यांच्याकडे एकच. "ही गेली तर यंदा प्रोजेक्ट होणार नाही. सप्लायची खात्री झाल्यावरच बसवा." चांदीच्या कागदात गुंडाळून दिली. एस्टीत सुमन सगळा वेळ मुठीत धरून.

१३ फेब्रु.
बल्ब कथलाचा डाग देऊन पक्का केलाय. "आता काढून दाखव," हे म्हणाले. हसले एकदाचे. शिवाय विजेचे झटके सोसायला एक कंडेन्सर वाढवलाय. काँप्युटर बाजूला, सप्लायला नुसता मीटर. काट्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. सकाळपासून भाकरी थापता थापता तेच. पाचावर आहे.
दुपारी शेजारची गिरण सुरू झाली, घरातले दिवे मंदावले. काटा थरथरला, परत पाचावर. गिरण बंद होईपर्यंत जागची हलले नाही. बंद झाली तरी काटा तिथंच.
सुमन आयसी घेऊन उभी. "आबा, बसवू?"
"मला काय इचारतीस? दिवसभर राखण तुझ्या आईनं केलीय."
माझ्याकडे बघत राहिली. मी कुलस्वामिनीचं नाव घेतलं नि म्हटलं, बसव.
बसवतेय. मला तिकडं बघवत नाही म्हणून इथं लिहीत बसलेय. ह्यांचा आवाज, "लावतो बरं का गं." बल्ब इथनं दिसतोय, जळतोय...