बाबांचा कॉम्प्युटर बोलत नाही

बाळा,

दोन हजार बारा साली बाबांची वाचा गेली, तेव्हा कीबोर्डचं एक बटण दाबलं की एक वाक्य बोलणारा प्रोग्रॅम तू त्यांना लिहून दिलास. कॉम्प्युटर रोज अपग्रेड करू का विचारायचा, मी ‘नंतर’ दाबायचे. परवा तू बाहेरगावी असताना त्याने न विचारताच केलं आणि तुझा प्रोग्रॅम उघडेनासा झाला. तुझी नोकरीही असले अपग्रेड करण्याचीच, म्हणून फोन करून तुला टोचलं नाही.

दुरुस्तीवाल्याकडे जुना कॉम्प्युटर मिळतो का बघायला गेलेय. बाबा उठले की हो-नाहीपुरतंच विचार, मान हलवतात.

काल जेवताना मी मुद्दाम खूप बडबडले. त्यांनी सवयीने ‘तू गप्प बस’चं बटण दाबलं. आवाज आला नाही. मग मीच गप्प बसले.

आई