बुजणारा बैल आणि न दिसणारा ग्रह

बा, आज मंगरूळपीरच्या शाळेत मास्तरांनी मला पोरांसमोर नेपच्यूनवर बोलायला उभं केलं. फळ्यावर युरेनसची वाट काढता काढता मी आपल्या विहिरीवर, मोट ओढताना बैल उतरतात त्या धावेवर जाऊन पोचलो.

मी शाळकरी होतो त्या उन्हाळ्यात डावा बैल धावेच्या उतारावर एकाच जागी बिचकून जोडीदाराला रेटायचा. तू शिंगाला बिब्बा बांधलास, आईनं दृष्ट काढली, तरी तेच. पाण्यावाचून वांगी माना टाकत होती. चुलीपुढं भाकर मोडत तू म्हणालास, "बाजारात नेतो याले. बिघडला." तेव्हा मी नुकतंच पुस्तकात, कुणी न शिकवता वाचलेलं सांगितलं. युरेनस असाच वाट सोडत होता, काहींनी गणितालाच दोष दिला, पण एकानं उलटा विचार केला: वाट इतकी ढळते, तर ओढणारा कुठं असेल? त्यानं आकाशात जागा सांगितली, दुर्बीणवाल्यांनी तिथं पाहिलं, अन् नवा ग्रह निघाला, नेपच्यून.

"मंग तुया ग्रहच आपल्या बैलाले ओढून राह्यला म्हण की!" तू हसलास. आईसुद्धा. मला झोंबलं.

सकाळी मी जोडी फिरवली. उजवा बैल डावीकडं जुंपला, तर त्याच जागी तोही बिचकला. म्हणजे खोट बैलात नव्हती. मी खुरांचे ठसे धरून वाट कुठं वाकते, कुठं परत सरळ होते ते पाहिलं आणि मधल्या जागी, डाव्या अंगाला, खूण केली. तू बैलाच्या डाव्या बाजूनं चालायचास, बरोबर त्याच खुणेवरून.

"बा, थांब. खाली पोकळ आहे."

"हट! वांगे मरून राह्यले अन् तू खेळ मांडला. एक मोट काढू दे."

मी बैलांपुढं आडवा उभा आहे. तू कासरा उचललेला. बैलांचा श्वास माझ्या छातीवर. मग तू कासरा खाली केलास, जू सोडलंस.

मी खुणेवर पहार मारली, ती हातातून सुटून आत गेली. थोड्या वेळानं खाली विहिरीत माती पडल्याचा आवाज आला. तू बैलाच्या शिंगाचा बिब्बा तेवढा सोडलास.

पोरांना आज मी छाती काढून सांगितलं, माझ्या बानं गणित मानलं. तू आता नाहीस, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथंच लिहितो: त्या दिवशी तू खुणेकडं पाहिलंच नव्हतंस. माझ्या ओठांकडं पाहत होतास. ते थरथरत होते.