घाबरण्याआधीची साळुंकी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या डोंगरकडा गावात तुला ओळखणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. मी सध्या इथंच राहायला आलेय, कामासाठी. कसलं काम ते सांगते, हसू नकोस. मी साळुंक्या पकडते, थेंबभर रक्त काढते आणि सोडून देते. "एवढं शिकून पाखरं धरायलीस?" असं तू म्हणणारच. व्हय माय, पाखरंच.

जीव घाबरला की रक्तात एक हार्मोन वाढतं. थोडा वेळ ते बरंच असतं, पाखरू मांजराच्या तावडीतून निसटतं. पण रोजचीच धास्ती असली तर? पेशीच्या आत गुणसूत्रं असतात, त्यांच्या टोकांना टोप्या असतात. घोंगडीचे दोरे सुटू नयेत म्हणून तू कडेला गाठी मारायचीस ना, तसंच. वयाबरोबर त्या झिजत जातात. ज्यांच्या रक्तात ते हार्मोन जास्त, त्यांच्या लवकर झिजतात, असं काही पक्ष्यांत दिसतं, काहींत न्हाई. ताणानं झीज होते, का आधीच झिजलेल्याला ताण जास्त होतो, हेही धड कुणाला सांगता येत न्हाई. हे कोडं मला भारी आवडतं. आणि खरं सांगू? त्यात मी तुलाच शोधते. चाळिशीतच तू म्हातारी दिसायचीस. लांडगा, मेंढरांचा रोग, माझी शाळा, सगळ्याची काळजी तुलाच. त्या धास्तीनंच तुला खाल्लं का? एवढंच मला जाणून घ्यायचंय.

सुरुवातीला मी चुकले. जाळीतली साळुंकी हळूच सोडवायची, गोंजारायची, कापडी पिशवीत ठेवून ती शांत व्हायची वाट बघायची, मग सुई. मेंढरांच्या घरची सवय. मेंढी निवल्याशिवाय आपण कातर लावत न्हाई. आमचे संशोधनाचे सर भडकले. "तोवर तुझीच भीती तिच्या रक्तात उतरली की! पकडल्याबरोबर रक्त काढ. नाहीतर तू तिचं रोजचं जगणं मोजत नाहीस, स्वतःचं येणं मोजतेस."

दिवसभर मला चैन पडेना. कारण तुला मी असंच पाहिलं. मी वसतिगृहातून सुट्टीला यायचे, तर तू एसटीच्या कितीतरी आधीपासून फाट्यावर उभी, कपाळावर आठ्या. मी उतरते न उतरते तोच, "काहून एवढा उशीर? तोंड बघ कसं सुकलंय!" रागावतेस आणि पदरातली बोरं माझ्या ओंजळीत ओततेस. मी निघताना पुन्हा त्याच आठ्या. मधली तू मला ठाऊकच न्हाई.

परवा शेजारच्या मावशीला विचारलं. तुझ्यासंगं मेंढरं चारायला जायची ती. "मावशी, मी नसताना माय कशी असायची?" म्हातारी खो खो हसायलाच लागली. "तुझी माय? अगं, लई चावट बाई! सरपंचाच्या चालण्याची अशी नक्कल करायची, आमी पोट धरून हसायचो. तू येणार म्हणलं की मात्र गप. 'लेकरू येऊन राहिलं, बस नीट येईल का', एवढंच."

माय, मला किती बरं वाटलं! रडूही आलं. तू नुसती झिजत नव्हतीस तर. तुला म्हातारपण एवढ्या लवकर कशानं आलं ते मला अजून कळलेलं न्हाई, साळुंक्याही ते सांगायच्या न्हाईत. हे पत्र टाकायचं तरी कुठं? तुझ्यापाशी एक कबूल करते, मावशीला सांगितलं न्हाई. मला तिचा हेवा वाटला.