आश्रित असल्याचा दाखला

३ सप्टेंबर १९७६

सही केली नाही. करणारही नाही.

कागद विमा कार्यालयाचा. गावचा मुख्तार दुर्सून तो घेऊन आला. गावाचे दाखले देणे आणि शिक्के मारणे हेच या प्रमुखाचे कर्तृत्व. मजकूर एका वाक्याचा: ‘मी नाफिझ व माझी पत्नी झुल्फिये यांना उपजीविकेचे अन्य साधन नसून आम्ही सर्वस्वी मुलगा इल्हामी याच्यावर अवलंबून आहोत.’ इल्हामी जर्मनीत खाणीत आहे. तिथला सरकारी विमा कामगाराच्या आश्रित आईबापांना इथे, अंकाराच्या रुग्णालयात, उपचार देतो. आश्रित नसलेल्यांना देत नाही.

विधान असत्य आहे. माझ्या हिश्शाची अकरा दोनुम जमीन आहे, बत्तीस अक्रोड आहेत. एकतीस वर्षे कस्तमोनूच्या न्यायालयात वकील म्हणून दावे चालवले. खोट्या विधानाखाली कधी नाव घातले नाही. ते आता, त्या मुलाचा आश्रित म्हणून घालू?

“काका, नुसता कागद आहे हो,” दुर्सून म्हणाला.

नुसता असता तर जर्मनांनी मागितला नसता.

५ सप्टेंबर

एका वर्षाच्या करारावर गेला. हे आठवे वर्ष. माझ्या भावाच्या मुलीशी त्याचे लग्न मी ठरवले होते. तिकडेच राहिला तो, शब्द मोडला माझा. भाऊ माझ्याशी न बोलता वारला. जमीन सामाईक आहे, विकायला त्याच्या मुलांची संमती लागते, आणि ते माझ्या सलामालाही उत्तर देत नाहीत.

याला म्हणे मी आधार म्हणावे.

९ सप्टेंबर

झुल्फियेचा गलगंड हनुवटीला टेकला आहे. डॉक्टर म्हणाले, श्वासनलिका दबते आहे; थंडी वाढण्याआधी शस्त्रक्रिया झाली पाहिजे. पाणवठ्यापासून घरापर्यंत ती तीन वेळा थांबते.

तिला मुद्दा समजावून सांगितला: विधान खोटे, म्हणून सही अशक्य.

“अहो, तुमचं सगळं खरं,” ती चूल फुंकायची थांबून म्हणाली. “आता त्या बत्तीस अक्रोडांना सांगा, हिचा गळा तेवढा कापून द्या म्हणावं.”

हा युक्तिवाद नव्हे.

१२ सप्टेंबर

मार्ग आहे. मी आश्रित नाही. म्हणून ती आश्रित नाही असे सिद्ध होत नाही. विमा कार्यालयाला अर्ज लिहिला. माझी जमीन, झाडे, सर्व प्रामाणिकपणे नमूद केले आणि मागणी केली की पत्नीस एकटीला मुलाची आश्रित मानावे. चार पाने. एकही शब्द फाजील नाही.

२८ सप्टेंबर

उत्तर आले. एक ओळ. ‘पती हयात व साधनसंपन्न असता पत्नी ही पतीचीच आश्रित होय.’

निर्दोष आहे. प्रतिपक्षाकडून मीही हेच मांडले असते.

२ ऑक्टोबर

कहवाखान्यात गेलो. न्हाव्याला राहवले नाही: “या एफेंदी. सही इतकी जपून ठेवलीय, कुठल्या लग्नात मिरवणार आहात?”

हसले सगळे. भावाचा थोरला मुलगा सर्वांत मोठ्याने.

४ ऑक्टोबर

झुल्फिये बसून झोपते. आडवे पडता येत नाही.

७ ऑक्टोबर

दुर्सूनकडे गेलो. म्हटले, आण तो कागद, सही करतो.

त्याने मान खाली घातली. “आता उपयोग नाही, काका. अकरा दोनुम, बत्तीस अक्रोड, तुम्हीच त्यांना लिहून दिलंत. तेही चार पानं. आता उलट लिहिलंत तर कोण ऐकणार?”

म्हणजे माझ्याविरुद्धचा साक्षीदार मीच.

“इल्हामीनं दुसरा कागद धाडलाय,” तो म्हणाला. “तुमची सही लागत नाही.”

“का नाही?”

“मेलेल्या माणसाची कशी लागेल?”

वाचला. अर्जदार इल्हामी, आश्रित, त्याची विधवा आई. खाली मुख्तारने दाखला द्यायचा की नाफिझ मृत आहे, आणि तसे नोंदणी कार्यालयाला कळवायचे. सोबत दुर्सूनला चिठ्ठी: ‘बाबा खोटं बोलणार नाहीत. म्हणून मी बोलतो. शिक्का मार.’

“लाज नाही वाटत तुला?” मी विचारले.

“वाटते ना. पण काकूंचा घशातला आवाज रस्त्यावर ऐकू येतो, काका. तुम्हाला घरात येत नाही का?”

कागद त्याच्या हातून ओढून घेतला. बनावट दस्तऐवजाचा पुरावा म्हणून. एकदा ही नोंद झाली की मी दावा लावू शकत नाही, साक्ष देऊ शकत नाही, आणि माझा हिस्सा बायकोकडे आणि त्याच मुलाकडे जातो. खाणकामगार असून वकिलाला शोभेल असा डाव टाकला आहे.

९ नोव्हेंबर

कागद कच्चा होता. मृत्यूची तारीख नव्हती, कारण नव्हते. असा कागद कोणताही कारकून परत पाठवतो. दोन्ही मी माझ्या अक्षरात भरले. मग दुर्सूनने शिक्का मारला.

झुल्फिये आज सकाळच्या बसने अंकाराला गेली. सोबत दुर्सूनची बायको. बसमध्ये जिल्ह्याच्या कचेरीतले लोक असतात, म्हणून मी पोचवायला गेलो नाही.