डावा कोपरा

चि. दीपमाला हिस,

काल तुमच्या उमरग्याकडनं आम्ही फुटबॉलची फायनल हरल्यावर तू माझ्या पाया पडायला वाकलीस अन् मी पाय मागं घेतला. वर पालकांपुढं बोललो, "आपल्याच पोरीनं दगा दिला. उमरग्याच्या कॉलेजात गेली अन् आपलं सगळं तिकडं सांगितलं." तू ते ऐकलंस.

तू कुणाला काय सांगणार? आपल्या नळदुर्गच्या पोरींनी सगळ्या पेनल्ट्या डाव्या कोपऱ्यात मारल्या अन् तू दरवेळी तिकडंच झेपावलीस. माझ्या हाताखाली गोलकीपर होतीस, तुला ठाऊकच होतं. मी त्यांना तेवढंच शिकवलंय. खेळताना गुडघा गेला, तेव्हापासून माझा पाय दुसरीकडं वळतच न्हाई. मला जमत न्हाई ते मी चुकीचं ठरवून टाकलं. तू एकदा विचारलं होतंस, "सर, उजवीकडं मारलं तर?" मी तुला ग्राउंडच्या फेऱ्या मारायला लावल्या.

आज सकाळी आपल्या निकितानं तेच विचारलं. सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या. तूच बरोबर होतीस हे सांगायला तुझं नाव पार ओठावर आलं होतं गं.

मी शिट्टी फुंकली अन् तिला पळायला लावलं.

तुझा कोच म्हणवून घेणारा,
बलभीम